रुग्ण घरी जातो तेव्हा : दीर्घकालीन शुश्रूषा, शासकीय योजना आणि पात्रता

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



दरवर्षी या सभेत आम्ही आपणांसमोर संस्थेचा जमाखर्च मांडतो. यंदाचे आकडे अहवालाच्या पुढील पानांवर लेखापरीक्षकांच्या स्वाक्षरीसह छापलेले आहेत. ते येथे वाचून दाखवून आपला वेळ घेत नाही. आज आम्हांला अशा एका खर्चाविषयी बोलावयाचे आहे, जो आमच्या कोणत्याही खातेवहीत चढत नाही. रुग्णाला सुट्टी मिळाली की आमच्या दृष्टीने त्याचे खाते बंद होते. त्याच्या कुटुंबाचे खाते त्याच दिवशी उघडते आणि ते किती वर्षे चालेल, हे कोणीही सांगू शकत नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. एखादी रक्कम एका वहीतून नाहीशी झाली, तर ती कोणाच्या तरी दुसऱ्या वहीत नावे पडलेली असते, एवढे आम्हांला शिकविलेले आहे.

उदाहरण म्हणून एकच प्रसंग सांगतो. घाटंजी तालुक्यातील साठी ओलांडलेल्या एका शेतकऱ्यास पक्षाघाताचा झटका आला. त्यांना वेळेत येथे आणले गेले, शासकीय योजनेतून उपचार झाले, जीव वाचला. घरच्यांना एक रुपयाही भरावा लागला नाही. दहाव्या दिवशी सुट्टीचा कागद हाती देताना त्यांच्या सुनेने विचारले, "साहेब, आता यायले घरी नेऊन मी काय करू?" उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली, नाकातून नळी, लघवीची पिशवी. मुलगा कपाशीच्या शेतात, घरात दोन लहान मुले आणि ती एकटी. तिच्या प्रश्नाला उत्तर देईल असा रकाना आमच्या सुट्टीच्या कागदावर नव्हता आणि कोणत्याही योजनेच्या अर्जावरही नसतो. दीड महिन्याने ते गृहस्थ पाठीला खोल जखमा घेऊन परत आले. त्या जखमांवरचा उपचार योजनेत बसविता येतो. त्या जखमा होऊच नयेत म्हणून लागणारी हवेची गादी मात्र योजनेत बसत नाही. हिशेब तपासणाऱ्या कोणाही माणसास हे कोडे पडावे.

म्हणून प्रथम योजना काय देतात आणि कोठे थांबतात, हे स्पष्ट करणे क्रमप्राप्त आहे. आपल्या राज्यात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात यवतमाळ नव्हते. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती सर्व राज्यात लागू झाली, तेव्हा आपला जिल्हा आला. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे झाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी आली आणि १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही योजना एकत्रितपणे राबविण्यात येऊ लागल्या. पिवळी व केशरी शिधापत्रिका हा तेव्हा मुख्य निकष होता. शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून ओळखल्या गेलेल्या चौदा जिल्ह्यांत, म्हणजे आपल्याकडेही, शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकरी कुटुंबांना सातबारा दाखवून लाभ मिळत असे. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने मर्यादा प्रति कुटुंब वार्षिक पाच लाख रुपये झाली आणि राज्यातील सर्व कुटुंबांना दार उघडले. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वयवंदना कार्ड मिळते.

तेव्हा आजमितीस "आम्ही योजनेत बसतो का?" हा प्रश्न पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. तरीही आमच्या खिडकीवर येणारे नातेवाईक पहिला प्रश्न तोच विचारतात आणि शिधापत्रिकेवर नाव नसलेली सून किंवा नातू निघाला की तारांबळ उडते. आमची कळकळीची विनंती आहे की, घरात कोणी आजारी नसताना शिधापत्रिकेवरील नावे आणि आधार कार्डावरील नावे जुळवून ठेवावीत. एका कागदावर 'रामभाऊ' आणि दुसऱ्यावर 'रामचंद्र' असेल, तर ते दुरुस्त करण्याची वेळ अतिदक्षता विभागाच्या दारात येऊ नये. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. पैशाचा विषय कोणीही काढला, तरी आधी त्यास भेटावे.

खरा प्रश्न पुढचा आहे. या योजना रुग्णालयातील उपचारांच्या आहेत. ठरलेल्या शस्त्रक्रिया, ठरलेले उपचार, त्यांची ठरलेली रक्कम. राज्याच्या योजनेत सुट्टीनंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी व औषधे धरलेली आहेत, काही निवडक आजारांना त्यापुढेही पाठपुराव्याची सोय आहे. डायलिसिससारखा वर्षानुवर्षे चालणारा उपचार तीत बसतो, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु ज्याला उपचार म्हणत नाहीत अशा कामासाठी, म्हणजे कूस बदलणे, भरविणे, स्वच्छ करणे, उचलून बसविणे यासाठी, एकाही योजनेत पैसा नाही. ते काम घरातील बाईचे, असे गृहीत धरलेले आहे.

हे काम करावे लागते अशी घरे आपल्या जिल्ह्यात किती असतील? २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजारांच्या घरात होती. उमरखेडपासून वणीपर्यंत सोळा तालुके. कोलाम, गोंड, परधान, आंध या समाजांच्या वस्त्यांतून सिकलसेलचे रुग्ण आमच्याकडे वारंवार येतात. वेदनांचा झटका ओसरला की घरी जातात, पुन्हा येतात. फवारणीचे प्रकरण आपणां सर्वांच्या स्मरणात आहेच. २०१७ च्या हंगामात कीटकनाशकांच्या विषबाधेने या जिल्ह्यातील अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. वर्तमानपत्रांत मृतांची संख्या छापून आली. जे वाचले आणि महिनोन्‌महिने उभे राहू शकले नाहीत, त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहिले नाही. दुचाकीच्या अपघातात पाठीचा कणा दुखावलेले तरुण, स्मृतिभ्रंश झालेल्या आजी, कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्ण, ही यादी आपणांपैकी प्रत्येकास आपल्याच गल्लीतून पूर्ण करता येईल.

आता धर्मादाय रुग्णालयांविषयी, कारण याबाबत गैरसमज पुष्कळ आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना आम्हां सर्वांवर बंधनकारक आहे. एकूण खाटांपैकी दहा टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखाव्या लागतात. इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या स्वतंत्र खात्यात जमा करावी लागते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असल्यास निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असल्यास दुर्बल घटक. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका लागते. तातडीच्या रुग्णाकडून अनामत रक्कम न मागता त्यास दाखल करून घ्यावे लागते, मग कागद मागाहून आले तरी चालतात. अनेकांना वाटते की, हा निधी म्हणजे व्यवस्थापकाच्या मर्जीची पेटी. तसे नाही. त्याचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयास द्यावा लागतो आणि तो खर्च होतो रुग्णालयातील उपचारांवर. घाटंजीच्या त्या सुनेला गादी घेऊन देण्यासाठी तो हात पुढे करू शकत नाही.

मग घरी पडून असलेल्या माणसाला काय मिळते? संजय गांधी निराधार अनुदान योजना. ही योजना १९८० पासून आहे, परंतु पक्षाघात, कर्करोग, कुष्ठरोग, क्षयरोग यांसारख्या दुर्धर आजारामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारी पासष्ट वर्षांखालील व्यक्ती तिच्यात बसते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. लोक ती विधवांची योजना समजतात. पासष्टीनंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. २०२३ मध्ये दोन्हींचे अनुदान एक हजारावरून दीड हजार रुपये दरमहा झाले. अर्ज तहसील कार्यालयात करावयाचा असतो.

येथे आमच्यातील हिशेबनीस जागा होतो. या योजनांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा आहे २१ हजार रुपये. दिवसाला अठ्ठावन्न रुपये देखील पडत नाहीत. दिव्यांगांसाठी ती ५० हजार आहे. म्हणजे एकच कुटुंब धर्मादाय रुग्णालयाच्या दृष्टीने निर्धन असते आणि निराधार योजनेच्या दृष्टीने सधन! एक लाख ऐंशी हजार आणि एकवीस हजार या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात आपला बहुतेक जिल्हा राहतो. दोन-चार एकर कोरडवाहू कपाशी-सोयाबीन करणारा, कर्ज वजा जाता हाती काहीही न उरणारा शेतकरी कागदावर मात्र या पट्ट्यात असतो. ही मर्यादा वाढली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे आणि संस्थेने तसे निवेदन शासनास द्यावे, अशी आमची विश्वस्त मंडळास विनंती आहे.

या अडचणीतून काही कुटुंबांना वाट काढता येते ती दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रामुळे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे आणि त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया देखील आहेत. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास वैश्विक ओळखपत्र मिळते व अनेक दारे त्याच कागदाने उघडतात. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व वा बहुविकलांगता असलेल्या मुलांच्या पालकांनी 'निरामय' विमा योजनेची चौकशी अवश्य करावी. राष्ट्रीय न्यासाची ही योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते आणि विशेष म्हणजे दाखल न होता घेतलेली भौतिकोपचारासारखी सेवादेखील तिच्यात धरतात. दीर्घकालीन गरज ओळखणारी अशी योजना आम्हांला तरी दुसरी सापडलेली नाही. येथील किती पालकांनी तिचे नाव ऐकले आहे, हे हात वर करून विचारण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

आपल्यापैकी काहींची मुले परदेशी आहेत. न्यू जर्सीतून दूरध्वनी येतो आणि विचारणा होते, "आमच्याकडे मेडिकेड आहे, तुमच्याकडे तसे काहीच नाही का?" प्रश्न योग्य आहे, म्हणून आम्ही त्याची माहिती करून घेतली. मेडिकेड ही अमेरिकेत १९६५ साली सुरू झालेली, केंद्र व राज्ये मिळून चालविणारी, अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठीची योजना. वृद्धांसाठीची मेडिकेअर निराळी, आणि ती दीर्घकाळच्या देखभालीचा खर्च करीत नाही. तो भार मुख्यतः मेडिकेडवर पडतो. अनेक राज्यांत आता शासन एखाद्या आरोग्यसंस्थेस प्रत्येक लाभार्थ्यामागे दरमहा ठरावीक रक्कम देते आणि त्या संस्थेने घरी येणारी परिचारिका, मदतनीस किंवा शुश्रूषागृह यांची व्यवस्था करावयाची असते. न्यू जर्सीत ही पद्धत जुलै २०१४ पासून आहे.

पात्रतेची कसोटी दुहेरी असते. पहिली उत्पन्न व मालमत्तेची. दुसरी आम्हांला फार महत्त्वाची वाटते. माणूस स्वतः अंघोळ करू शकतो का, कपडे घालू शकतो का, जेवू शकतो का, अंथरुणातून उठू शकतो का, याची प्रत्यक्ष पाहणी होते. म्हणजे आजाराचे नाव नव्हे, तर परावलंबन मोजले जाते. आपल्याकडे कोणत्याही अर्जावर हा प्रश्न नाही.

तेथे सर्व आलबेल आहे, असे मात्र समजू नये. अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत मुलांच्या नावे घर वा पैसा केला असेल, तर काही काळ लाभ नाकारला जातो. लाभार्थ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेतून वसुलीही होऊ शकते. आणि येथून नेलेल्या आईवडिलांना ग्रीन कार्ड मिळाले, तरी साधारणपणे पाच वर्षे ही योजना लागू होत नाही. तेव्हा "आम्ही बाबांना तिकडे नेतो, तिकडे सगळी सोय आहे" असे म्हणणाऱ्या चिरंजीवांनी तिकीट काढण्यापूर्वी ही चौकशी करावी.

मालमत्तेचा विषय निघालाच आहे, तर आपल्या कायद्याविषयीही एक सूचना करतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम २००७ मध्ये संमत झाला. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करून मुलांकडून दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. त्याच कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, परत मिळविता येते. परंतु ती अट दस्तात लिहिलेली असावी. शेत मुलाच्या नावे करून देण्यास आमचा विरोध नाही. बक्षीसपत्रात ते एक वाक्य घालण्यास विसरू नये, एवढेच सांगणे आहे. ते वाक्य लिहिले म्हणून मुलावर अविश्वास दाखविला, असे होत नाही.

विदर्भाला दीर्घकालीन शुश्रूषा नवीन नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीस तपोवन उभारले. बाबा आमटे यांचे आनंदवन तर आमच्या वणीपासून फार दूर नाही. ज्यांना घरात ठेवण्यास कोणी तयार नव्हते, त्यांची ही घरे देणग्यांवर आणि रुग्णांच्याच श्रमांवर उभी राहिली. आजच्या रुग्णाचे घर त्याला टाकून देत नाही. ते घर थकलेले आहे, आणि आपण जे काही करू ते त्या घरापर्यंत पोहोचले पाहिजे.

यासंबंधी विश्वस्त मंडळात दोन मते आहेत आणि ती आपणांपासून लपविण्याचे कारण नाही. काही सन्माननीय विश्वस्तांना वाटते की, दीर्घकाळच्या रुग्णांसाठी रुग्णालयात चार खाटांचा स्वतंत्र कक्ष असावा. भावना आदरणीय आहे. आमचे मत निराळे आहे. चार खाटा चार रुग्णांनी भरल्या की त्या वर्षभर रिकाम्या होणार नाहीत आणि पाचव्या कुटुंबास आपण काहीच देऊ शकणार नाही. त्याच रकमेत अनेक घरांपर्यंत पोहोचता येईल. आमचा प्रस्ताव असा आहे : देणग्यांतून एक स्वतंत्र शुश्रूषा निधी उभारावा. त्यातून हवेच्या गाद्या, चाकाच्या खुर्च्या, कमोड खुर्च्या, कफ ओढण्याची यंत्रे आणि प्राणवायूची यंत्रे घेऊन ती नाममात्र अनामतीवर घरी वापरण्यास द्यावीत व काम झाल्यावर परत घ्यावीत. सुट्टीपूर्वी तीन दिवस घरातील दोन व्यक्तींना, त्यांत एक पुरुष असलाच पाहिजे, परिचारिकांनी कूस बदलणे, नळीतून आहार देणे व जखम टाळणे शिकवावे. आणि दोन मदतनिसांनी ठरलेल्या दिवशी गावोगाव जाऊन अशा घरांना भेट द्यावी.

तिसऱ्या कलमाचा खर्च मोठा आहे व तो दरवर्षीचा आहे. गादी एकदा घेतली की चार-पाच रुग्णांना पुरते, पगार मात्र दर महिन्यास द्यावाच लागतो. इमारतीला आणि यंत्राला देणगी मिळते, कारण त्यावर नाव कोरता येते. पगाराला देणगी मिळणे कठीण असते. देणगीदारांपुढे हे मोकळेपणाने ठेवीत आहोत, कारण पहिल्या दोन कलमांनी सुरुवात करून तिसरे रेंगाळले, तर गाद्या भांडारगृहात पडून राहतील. कोणाकडे त्या पाठवावयाच्या, हे गावात जाणारा माणूसच सांगू शकतो. ज्यांना एखाद्या मदतनिसाचे वर्षभराचे मानधन देण्याची इच्छा असेल, त्यांनी सभेनंतर लेखा विभागात नाव नोंदवावे. पावती त्याच शीर्षाखाली मिळेल आणि पुढील वर्षीच्या अहवालात त्या खात्याचा जमाखर्च स्वतंत्र छापला जाईल.

घाटंजीचे ते गृहस्थ आता काठीच्या आधाराने अंगणापर्यंत येतात. निराधार योजनेचा त्यांचा अर्ज उत्पन्नाच्या मर्यादेमुळे मंजूर झालेला नाही. दिव्यांगत्वाच्या तपासणीसाठी त्यांना पुढील महिन्याची तारीख मिळाली आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी शेवटची सूचना. बाह्यरुग्ण विभागाच्या प्रवेशद्वाराजवळ माहिती व साहाय्य कक्ष सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेत सुरू राहील. येताना शिधापत्रिका, घरातील सर्वांची आधार कार्डे, उत्पन्नाचा दाखला, सातबारा आणि सुट्टीचा कागद यांच्या प्रती आणाव्यात. उत्पन्नाचा दाखला नसल्यास त्यासाठी थांबू नये, तसेच यावे. अर्ज भरून देण्यास कोणतेही शुल्क नाही. शुश्रूषा निधीचा ठराव विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकावर आहे. त्या वेळी चार खाटांच्या कक्षाचा पर्यायही मतास टाकला जाईल.